एकशेवीस फुटांची वाटणी

शहरातला एखादा ऐसपैस रस्ता पाहिला, की त्याच्या मधोमध रुळांच्या दोन जोड्या सहज मावतील असे कोणाही पाहणाऱ्याला वाटते, आणि नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर त्या मावतातही. अडचण येते ती त्यापुढे. ज्या रस्त्याला आपण रुंद म्हणतो, त्याची फूट-फूट जागा कोणाच्या ना कोणाच्या वहिवाटीत असते; आणि वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीची बोलणी सुरू झाली म्हणजे ज्या खोलीकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकलेले नसते तिच्यावरही जसे दोन-दोन दावे निघतात, तसे ते या फुटांवरही निघतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिनीआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांना सांधणाऱ्या युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू नावाच्या मार्गावर अशी एक वाटणी झाली. १४ जून २०१४ रोजी तिथे लाइट रेल, म्हणजे ट्रॅमचीच थोडी थोराड आणि थोडी वेगवान अशी आवृत्ती, धावू लागली. ११ मैलांचा मार्ग, २३ स्थानके आणि ९५.७ कोटी डॉलरांचा खर्च, ज्यातला निम्मा वॉशिंग्टनच्या संघ सरकारने सोसला, असा हा व्यवहार होता. परंतु त्याची खरी हकिकत या आकड्यांत नसून, रस्त्याच्या १२० फूट रुंदीतून कोणाच्या पदरात काय पडले यात आहे.

गंमत अशी, की हा रस्ता मुळात रुळांचाच. १८९० च्या डिसेंबरात या दोन शहरांमधली विजेची ट्रॅम याच मार्गावरून सुरू झाली, आणि पुढे ट्रॅम कंपनीने याच रस्त्यालगत, स्नेलिंग नावाच्या चौकाजवळ, आपला प्रशस्त कारखाना उभारून त्यात स्वतःचे डबे स्वतः बांधले. बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची ही चाकरी १९५३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, आणि १९५४ च्या जूनपर्यंत दोन्ही शहरांतली ट्रॅमच नामशेष झाली. चांगल्या स्थितीतले डबे नूअर्क, क्लीव्हलंड आणि मेक्सिको सिटी या शहरांना विकले गेले. आणि हा निरवानिरवीचा कारभार ज्यांच्या अमलाखाली झाला ते कंपनीचे अध्यक्ष फ्रेड ओसाना १९६० साली अफरातफरीच्या खटल्यात दोषी ठरले. मुंबईची ट्रॅम या शहरांतल्या ट्रॅमनंतर दहा वर्षांनी, ३१ मार्च १९६४ रोजी, शेवटची फेरी करून थांबली, हे आपल्या वाचकांना स्मरत असेल; दादरच्या ‘टी. टी.’ मध्ये ती अजून अक्षररूपाने शिल्लक आहे. तो काळच असा होता, की रूळ उखडणे हे प्रगतीचे लक्षण मानले जाई.

ट्रॅम गेल्यावर रस्ता मोटारींना आंदण मिळाला. बारा आणि बावन्न क्रमांकाचे राष्ट्रीय हमरस्ते आधीपासूनच या मार्गाने जात होते. दोन्ही बाजूंना मोटारविक्रीची दुकाने, पेट्रोलचे पंप आणि मोटारी उभ्या करण्याची मोकळी मैदाने पसरली. पण तेवढ्यानेही मोटारींची भूक भागेना, तेव्हा आय-९४ हा द्रुतगती महामार्ग थोडा दक्षिणेला, समांतर रेषेत काढण्याचे ठरले. शहराचे जुने नियोजक जॉर्ज हेरल्ड यांनी त्याला विरोध करून, तो उत्तरेकडून, लोहमार्गांच्या कडेने न्यावा अशी पर्यायी योजना मांडली होती. ती दफ्तरदाखल झाली. महामार्ग गेला तो राँडो या वस्तीच्या काळजातून. राँडो म्हणजे सेंट पॉलमधील कृष्णवर्णीय समाजाचे सांस्कृतिक केंद्र; तिथली शेकडो घरे, दुकाने, चर्चे आणि मंडळांच्या इमारती १९५६ ते १९६८ या काळात भुईसपाट झाल्या. या कृत्याबद्दल शहराच्या महापौरांनी जाहीर क्षमा मागितली ती २०१५ साली. महामार्गाने दूरची रहदारी ओढून नेल्यावर युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूला उतरती कळा लागली. आणि जिथे भाडे उतरते तिथे नवागत येतात या न्यायाने व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया येथून आलेल्या निर्वासितांनी, त्यांतही विशेषतः हमोंग लोकांनी, रस्त्याच्या पूर्व भागात उपाहारगृहे, वाणसामानाची दुकाने आणि लहानसहान दवाखाने थाटले. लाइट रेलची योजना आली ती या नवागतांच्या आणि राँडोच्या वंशजांच्या दारात. एकदा पोळलेले लोक होते ते. सरकारी नकाशा म्हटला की त्यांच्या पोटात गोळा येई.

आता वाटणीकडे वळू. रूळ मध्यभागीच घ्यायचे हे लवकर ठरले, कारण कडेने घेतले तर प्रत्येक दुकानाच्या आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाडी व मोटार यांची गाठ पडते. परंतु मध्यभागी रूळ आले म्हणजे वळणाचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. म्हणून डावीकडे वळणाऱ्याला, आपल्याकडे उजवीकडे वळणाऱ्यासारखेच, समोरची रहदारी छेदावी लागते, आणि आता त्याला रूळही ओलांडावे लागणार. तेव्हा सिग्नल असलेल्या चौकांतच डावे वळण ठेवून, त्यासाठी स्वतंत्र पट्टा आणि स्वतंत्र बाण देऊन, मधल्या लहान गल्ल्यांना फक्त उजवीकडून येण्याजाण्याची मुभा ठेवली. दुसरी पंचाईत फलाटांची. दोन दिशांचे दोन फलाट समोरासमोर बांधले तर त्या एका ठिकाणी रस्त्याला फार मोठी जागा सोडावी लागते. म्हणून बऱ्याच स्थानकांवर एक फलाट चौकाच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे असे ते विभागून दिले, म्हणजे दोन्ही अंगांना भार सारखा पडावा. परक्या माणसाला मात्र परतीची गाडी नेमकी कुठे धरायची हे पहिल्या दिवशी उमगत नाही.

रूळ, फलाट, वळणपट्टे आणि पदपथ इतके बसवल्यावर उरलेल्या जागेत एकतर प्रत्येक दिशेला मोटारींचे दोन पट्टे राहू शकत होते, किंवा एक पट्टा आणि कडेला मोटारी उभ्या करण्याची ओळ. दोन्ही राहणे अशक्य होते. रहदारी खात्यांच्या मतानुसार धावत्या मोटारींचे दोन-दोन पट्टे कायम राहिले आणि उभ्या मोटारींची जागा गेली. शंभरातील ऐंशीहून अधिक जागा गेल्या. येथे माझे मत वेगळे आहे. ज्या रस्त्याची दूरची रहदारी महामार्गाने तीस-चाळीस वर्षांपूर्वीच उचलली होती, त्या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींची सोय पाहून थांबणाऱ्या गिऱ्हाइकांची सोय मोडणे, म्हणजे वाटसरूला ओटी देऊन घरच्याला अंगणात बसवणे होय. ज्याच्या दुकानामागे मैदान होते तो तरला. ज्याचा सगळा व्यापार दारासमोर दहा मिनिटे मोटार थांबवून पिशवीभर भाजी किंवा वाफाळत्या नूडल्सचा डबा घेऊन जाणाऱ्यांवर चाले, त्याला ही वाटणी झोंबली.

त्यात बांधकामाची दोन वर्षे. रूळ टाकणे हे वरवरचे काम नाही. रुळांखाली जलवाहिनी किंवा गटार राहिले, तर उद्या त्याच्या दुरुस्तीसाठी गाडी बंद ठेवावी लागेल. म्हणून जमिनीखालच्या जुन्या नळ्या, तारा आणि केबली आधी बाजूला हलवाव्या लागतात, मग काँक्रीटचा पाया, मग त्यात रुतवलेले रूळ, आणि मग वर विजेच्या तारा. २०११ साली सेंट पॉलमधील रस्त्याचा पश्चिम भाग आणि २०१२ साली पूर्व भाग असा तो उकरला गेला. लहान दुकानदारांना वीस हजार डॉलरांपर्यंतचे, पुढे माफ होऊ शकणारे कर्ज देण्याची तजवीज झाली. ती नसण्यापेक्षा बरी होती, इतकेच तिच्याविषयी म्हणता येईल.

वजनदार पक्षकारांची गाऱ्हाणी अधिक तत्परतेने ऐकली जातात याचाही अनुभव याच मार्गावर आला. मिनेसोटा विद्यापीठाला आपल्या प्रयोगशाळांतील नाजूक उपकरणांना गाडीच्या कंपनांचा व विद्युतचुंबकीय क्षेत्राचा उपद्रव होईल अशी धास्ती होती. त्याने आधी भुयार मागितले, ते खर्चापायी नामंजूर झाल्यावर दुसरा मार्ग सुचवला, आणि शेवटी दावा लावून तडजोड केली. सार्वजनिक नभोवाणीच्या ध्वनिमुद्रण-कक्षांनीही अशीच हरकत घेतली. परिणामी अशा ठिकाणी रुळांचा पाया कंपने शोषून घेणाऱ्या थरावर, जणू तरंगता, बसवण्यात आला. विद्यापीठाच्या आवारातून जाणारी वॉशिंग्टन ॲव्हेन्यू तर मोटारींना बंदच झाली, आणि तिथे पादचारी, बस, सायकल व गाडी एवढेच उरले. ज्या ठिकाणी मोटारीला सर्वस्वी नकार दिला गेला ते ठिकाण आज या मार्गावर सर्वांत प्रसन्न आहे, हे नमूद करावेसे वाटते.

गरिबांचे गाऱ्हाणे इतके सोपे नव्हते. मूळ आराखड्यात पश्चिमेकडे स्थानके अर्ध्या-अर्ध्या मैलावर, पण राँडोच्या वंशजांच्या आणि आशियाई निर्वासितांच्या पूर्व भागात ती एक-एक मैलावर होती. या भागात स्वतःची मोटार नसलेली कुटुंबे पुष्कळ, आणि थंडी अशी की जानेवारीत अर्धा मैल चालणे हीदेखील शिक्षा. मग स्थानके कमी का? कारण केंद्रीय परिवहन खात्याचे गणित. अनुदान हवे असेल तर प्रवाशांचा जितका वेळ वाचतो त्या मानाने खर्च एका ठराविक मर्यादेत बसला पाहिजे, असा दंडक होता. आणि प्रत्येक नवे स्थानक गाडीला पाऊण-एक मिनिट थांबवते, म्हणजे त्या हिशेबात ते प्रवाशांचे नुकसान ठरते. दाराशी स्थानक आल्याने म्हातारीचा जो अर्ध्या मैलाचा चालण्याचा त्रास वाचतो त्याला त्या तक्त्यात पुरेसे वजन नव्हते. हॅमलिन, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न या तीन चौकांत भविष्यकाळासाठी जमिनीखालची तेवढी तयारी करून ठेवू, असे आश्वासन देऊन अधिकारी मोकळे झाले.

लोकांनी ते मानले नाही. वस्तीतील मंडळे, धार्मिक संस्था आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते यांनी ‘स्टॉप्स फॉर अस’ या नावाने फळी उभारली, वंशभेदविरोधी कायद्याखाली तक्रारी गुदरल्या, आणि सभांमागून सभांत तोच प्रश्न विचारला, की आमच्या दारावरून जाणारी गाडी आमच्यासाठी थांबणार की नाही. २०१० च्या जानेवारीत तत्कालीन परिवहनमंत्री रे लाहूड यांनी तो दंडक शिथिल करून, प्रकल्पाने वस्तीचे राहणीमान किती सुधारते हेही पाहिले जाईल असे जाहीर केले, आणि अल्पावधीत तिन्ही स्थानके आराखड्यात आली. वेस्टर्नचे स्थानक आज ‘लिटल मेकाँग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाजाराच्या तोंडाशी आहे.

गाडीला उतारू मिळतील की नाही ही शंका पहिल्याच वर्षी फिटली. २०१५ साठी कामाच्या दिवसाचा अंदाज २७,५०० प्रवाशांचा होता. प्रत्यक्षात तो आकडा ३७ हजारांवर गेला. वेगाच्या बाबतीत मात्र जमाखर्च उलटा झाला. एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सुमारे ३९ मिनिटे लागतील असे सांगितले होते. उद्घाटनापूर्वीच्या चाचण्यांत कधीकधी तासाहून अधिक लागला, आणि वेळापत्रक अखेर ४८ मिनिटांचे छापावे लागले. दोष तीन नव्या स्थानकांवर ढकलण्याचा मोह काहींना झाला, पण गाडी खोळंबत होती ती सिग्नलांपाशी. तीन डबे जोडलेली, पावणेतीनशे फुटांहून लांब गाडी, तिच्यात शेकडो माणसे, आणि आडव्या गल्लीतल्या तीन-चार मोटारींसाठी तिला तांबडा दिवा, हे दृश्य सुरुवातीच्या महिन्यांत नित्याचे होते. गाडी येत असल्याची सूचना मिळताच हिरवा दिवा लांबवणारी यंत्रणा बसवलेली होती; तिला कोणत्या चौकात किती अधिकार द्यायचा हे शहराच्या रहदारी खात्याच्या हाती होते, आणि त्या खात्याने आपला हात सावकाश, चौकाचौकाने सैल केला. रुळांसाठी जागा देणे आणि रुळांना वाट देणे या दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत, हे योजनाकारांना आधी ठाऊक नव्हते असे नाही. दुसरी मंजुरी मागण्याची वेळ येईपर्यंत त्यांची मागण्याची ताकद पहिलीतच खर्ची पडली होती.

स्नेलिंगच्या चौकात जिथे एके काळी ट्रॅमचे डबे बांधले जात, आणि नंतर बसगाड्यांचे आगार होते, तिथे २०१९ साली फुटबॉलचे मोठे क्रीडांगण उभे राहिले; सामन्याच्या संध्याकाळी प्रेक्षकांचे लोंढे गाडीतून तिथे उतरतात. आणि दक्षिणेकडचा आय-९४ आता आयुर्मान संपत आल्यामुळे नव्याने बांधावा लागणार आहे. त्यावर छत घालून राँडोचे दोन तुकडे पुन्हा जोडावेत अशी एका संस्थेची मागणी आहे. तो खंदक बुजवून तिथे साधा, झाडांचा रस्ता करावा असे दुसऱ्या काहींचे म्हणणे आहे. राज्याच्या परिवहन खात्याचा कल मात्र महामार्ग महामार्गच ठेवावा याकडे आहे, आणि सुनावण्या चालू आहेत.