इंधन पंप, लहान शर्यती मोटारगाडीचा

टाकीतील पेट्रोल एंजिनास आवश्यक त्या दाबाने व प्रमाणात पुरविणारे साधन. कॅमदंडाने चालणारा पटल पंप व विद्युत् पंप हे याचे दोन प्रमुख प्रकार होत. कार्ब्युरेटर असलेल्या एंजिनास सु. ०·२ ते ०·३५ किग्रॅ./सेंमी.² दाब पुरतो. तो जास्त झाल्यास कार्ब्युरेटरातील सूचिझडप नीट मिटत नाही व पेट्रोल ओसंडते. इंधन अंतःक्षेपणाच्या पद्धतीत सु. ३ किग्रॅ./सेंमी.² दाब लागत असल्याने विद्युत् पंपच योजतात.

निवड : पंपाची क्षमता एंजिनाच्या कमाल शक्तीवरून ठरवितात. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या विद्यार्थी स्पर्धांत (उदा., कोईमतूर येथे भरत आलेली फॉर्म्युला भारत) एंजिनाचे आकारमान ७१० घ. सेंमी. पर्यंत असते व हवा २० मिमी. व्यासाच्या रोधकातून घ्यावी लागते. अशा एंजिनाची शक्ती ६० किवॉ. व पेट्रोलाचा खप दर किवॉ.-तासास ०·३५ किग्रॅ. धरल्यास ताशी २१ किग्रॅ., म्हणजे सु. २८ लि. पेट्रोल लागते. पेट्रोलात २० टक्के एथॅनॉल असल्यास ही गरज सु. ३० लिटरांवर जाते. त्यात २५ टक्के राखीव धरून ताशी सु. ३८ लि. देणारा पंप निवडतात. ही क्षमता प्रत्यक्ष दाबास व गाडीतील विद्युत् दाबास मोजलेली असावी. मुक्त प्रवाहाचा आकडा फसवा ठरतो.

फार मोठा पंप हितावह नसतो. जादा पेट्रोल पुनःपुन्हा टाकीत परतताना तापते, त्यात बुडबुडे होतात व बाष्परोधामुळे एंजिन अडखळते. पारा ४५° से. पुढे जाणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात ही अडचण तीव्र होते. शिवाय विद्युत् घटमालेवरील भारही वाढतो.

मांडणी : पंप ओढण्यापेक्षा ढकलण्याचे काम चांगले करतो, म्हणून तो टाकीत किंवा टाकीलगत खालच्या पातळीवर, निष्कास नळापासून दूर बसवितात. वेगाने वळताना पेट्रोल एका बाजूस सरून पंपात हवा शिरू नये यासाठी टाकीत आडभिंती किंवा लहान साठवण-पात्र ठेवतात. नळ्या व जोड एथॅनॉलास टिकणारे असावे लागतात.

सुरक्षितता : अपघातात नळी तुटली तरी विद्युत् पंप चालूच राहून पेट्रोल तप्त भागांवर उडण्याचा व आग लागण्याचा धोका असतो. म्हणून पंपाचा विद्युत् प्रवाह चालकाच्या हाताशी असलेल्या बंद-कळीतून व धक्का बसताच उघडणाऱ्या जडत्व-स्विचातून नेतात.