तान्ह्या बाळाचे आजारपण आणि मूळपेशींचे रोपण

आपल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत एखाद्या घरी पाठोपाठ दोन तान्ही मुले दगावली, की कोणी दृष्ट लागली म्हणते, कोणी सुनेला पांढऱ्या पायाची ठरवते. अंगारे-धुपारे होतात आणि तिसऱ्या बाळाच्या वेळी पुन्हा तेच घडते. अशा घरांसाठी ही माहिती देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्या हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, मूळपेशींपासून तयार होतात. काही बाळांत जन्मजात दोषामुळे या पेशी तयार होत नाहीत किंवा निकामी असतात. यातील सर्वांत गंभीर आजारास 'स्किड' म्हणतात. असे बाळ जन्मतः चांगले दिसते. पुढे वारंवार न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंडात न जाणारा पांढरा थर, वजन न वाढणे ही लक्षणे दिसतात. कधी बीसीजी लसीची जागा चिघळते. उपचार न झाल्यास बहुतेक बाळे एक-दोन वर्षांत दगावतात.

यावर उपाय आहे. निरोगी दात्याच्या मूळपेशी बाळाच्या शिरेतून, रक्त चढवतात तशाच दिल्या जातात. त्या हाडांत जाऊन रुजतात व नव्या पेशी घडवितात. १९६८ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गुड यांनी अशा एका बाळाला त्याच्या बहिणीच्या मूळपेशी देऊन वाचविले. भारतातील पहिले अस्थिमज्जा रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. न जुळल्यास आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही आता वापरता येतात. दात्याचा मगज काही आठवड्यांत भरून येतो, त्याला कायमचा अशक्तपणा येत नाही.

रोपणात धोका आहेच. परंतु 'स्किड'चे बाळ साडेतीन महिन्यांचे होण्याआधी रोपण झाल्यास १०० पैकी ९० हून अधिक बाळे वाचल्याचा अमेरिकेतील अनुभव आहे. म्हणून वेळ दवडू नये. साध्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट पेशी फार कमी आढळल्या, तर डॉक्टरांना घरातील आधीचे बालमृत्यू जरूर सांगावेत. अशा घरी नव्या बाळाला बीसीजी देण्यापूर्वीही हे सांगावे. इतरांनी मात्र लसीकरण मुळीच टाळू नये.

मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी येथे या आजारांची तपासणी होते. जवळच वाडिया बाल रुग्णालय आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात यातील काही आजार समाविष्ट असून, २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. के.ई.एम. हे त्याचे एक मान्य केंद्र आहे.

यातील बरेच आजार आई व वडील दोघांकडून येतात. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न केल्यास त्यांची शक्यता वाढते. काही आजार आईकडून फक्त मुलग्यांत उतरतात. पण त्यात तिचा अपराध नाही. बंधू-भगिनींनो, सुनेला बोल लावण्याआधी बाळाचे रक्त तपासून घ्या, ही कळकळीची विनंती.