दोनशे एक्कावन्नावं मूल

गरीब मुलांच्या नावानं दिल्लीहून निघालेला पैसा भिवंडीतल्या पालिका शाळेपर्यंत कसा पोचतो, तेवढं पाहून या, असं संपादकांनी सांगितलं होतं. मी शासन निर्णय वाचले, तक्ते उतरवून घेतले आणि शांतीनगरच्या बाजूला एका उर्दू प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांसमोर जाऊन बसले. ‘नाव छापायचं नाही’ या अटीवर त्या बोलल्या. मी पैशाबद्दल विचारत होते, त्या पटाबद्दल बोलत होत्या. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

त्यांचा सगळा जीव २५१ या आकड्यात अडकला होता. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं. केंद्राच्या निकषानुसार ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,००० आणि त्यापुढे हजारापर्यंत ७५,०००. खडू, रजिस्टरं, वीजबिल, गळका नळ, तुटलेला बाक, सगळं यातूनच भागवायचं. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेला. म्हणजे अडीचशेच्या उंबरठ्यावरचं एक मूल शाळेत येताना २५,००० रुपये घेऊन येतं आणि गेलं की तेवढेच घेऊन जातं.

हे मूल भिवंडीत टिकवणं किती अवघड, हे कळायला शाळेबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, आणि त्यांच्या खडखडाटात वर्गातलं बोलणं खिडकीपर्यंत पोचत नाही. या शहरात लाखो यंत्रमाग आहेत. ते चालवणारे कामगार उत्तर प्रदेश, बिहारपासून तेलंगणापर्यंत कुठून कुठून आलेले. बरेच एकटे राहतात आणि भिशीत, म्हणजे कामगारांच्या सामूहिक खाणावळीत, जेवतात. जे कुटुंब घेऊन येतात, त्यांची मुलं पालिकेच्या शाळेत. म्हणूनच एकाच महापालिकेला मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागतात. कामगाराची मजुरी मीटरवर. सुताचे भाव चढले, मालकानं माग बंद ठेवले की मजुरीही बंद, आणि मजुरी थांबली की कुटुंब मुलखाची गाडी धरतं.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगते. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या मुलांसाठी पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं कोरडं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या, असं बजावलं. शतक पालटताना सर्व शिक्षा अभियान आलं. २००४ मध्ये करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लागला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. २०१८ मध्ये जुन्या योजना एकत्र करून समग्र शिक्षा झाली. खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४०. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिला ४१,२५० कोटी रुपये होते आणि आता पीएम पोषण म्हणवल्या जाणाऱ्या आहार योजनेला १२,५०० कोटी.

या कोटींचे एका मुलापाशी किती होतात? प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य केंद्राकडून फुकट. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी मे २०२५ पासून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. त्यातले केंद्राचे ४ रुपये ७ पैसे, उरलेले राज्याचे. २५१ मुलं हजर असली तर दिवसाचे साधारण १,७०० रुपये. एवढ्यात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ताटात पडायला हवीत. मुलांच्या आधी एका शिक्षकानं घास चाखायचा आणि चव रजिस्टरमध्ये सही करायची. मी गेले त्या दिवशी मुख्याध्यापिका मॅडमनीच चव घेतली. मीठ बरोबर होतं. तांदूळ जरा जास्त शिजला होता, तेही त्यांनी लिहिलं.

गणवेशाला वर्षाला ६०० रुपये, दोन जोड्यांचे. केंद्राचा पैसा सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांना. भिवंडीतल्या कामगाराचं दारिद्र्यरेषेचं कार्ड बहुतेक वेळा गावाकडे, किंवा कुठेच नाही. त्यामुळे एकाच घरात बहिणीला गणवेश आणि भावाला नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. २०२३ पासून उरलेल्या मुलग्यांचा खर्च राज्यानं उचलला. पुढच्याच वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून सरकारनं कापड आणि शिलाई मुंबईतून ठरवली. कपडे उशिरा आले, आले ते अंगाला बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं गेलं. रात्रंदिवस कापड विणणाऱ्या गावात पोरं कापडाची वाट पाहत बसली होती, यावर मॅडम हसल्या नाहीत. त्या वर्षी पालकांना उत्तरं त्यांनीच दिली होती.

आता त्या आकड्याच्या यंत्राकडे वळते, कारण मला खरी भुरळ त्यानंच घातली. मॅडमच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टर आहे. जाड पुठ्ठ्याचं, कडा झिजलेलं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात एकदाच चढतं, समोर जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि कारण. कारणाच्या रकान्यात पानामागून पान ‘गावी गेल्याने’. या रजिस्टरला माणूस समजतो. ‘मॅडम, मुलुक जा रहे हैं’ असं आई सांगून गेली असेल, तर मॅडम पेन्सिलीनं खूण करतात. शाई वापरत नाहीत. कारण मूल दोन महिन्यांनी परत येईल, हे त्यांना ठाऊक असतं.

संगणकाला पेन्सिल ठाऊक नाही. यू-डायस प्लस या केंद्राच्या पोर्टलवर २०२२-२३ पासून शाळेचा नुसता आकडा चालत नाही, एकेका मुलाची नोंद लागते; प्रत्येकाला कायमचा क्रमांक मिळतो. मोजणीची तारीख ३० सप्टेंबर. मूल शाळा सोडून गेलं आणि कुठे गेलं ते कळलं नाही, तर त्याची नोंद ‘ड्रॉप बॉक्स’ नावाच्या कप्प्यात पडते. मूल समजा गोरखपूरला गेलं असेल, तर तिथल्या शाळेनं ती नोंद उचलून घ्यावी, अशी अपेक्षा. नाही उचलली, तर मूल कागदोपत्री तिथेच लोंबकळतं. मॅडम मला ती यादी सरकवून दाखवत होत्या आणि मधूनच थांबून एखाद्या नावावर बोट ठेवत होत्या: हा हुशार, हिचं लग्न तर नाही ना लावलं, हे दोघे भाऊ ईदनंतर येतील.

या पद्धतीचा फायदा मला मान्य आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली, तेव्हा मुलांच्या बोटांना शाई लावून मोजावं लागलं होतं, इतकी खोटी नावं पटांवर होती. नावनिशीवार नोंदी आल्यावर देशाची पटसंख्या २०२१-२२ मधल्या साडेसव्वीस कोटींवरून २०२३-२४ मध्ये २४.८ कोटींवर उतरली. दुबार आणि बोगस नावं गळली, हे त्यामागचं एक कारण. पण चाळणी जितकी बारीक केली, तितकी खरी मुलंही तिच्यात अडकू लागली. आधारवर ‘मोहम्मद’ आणि दाखल्यावर ‘मो.’ असेल तर जुळणी होत नाही. राज्याची संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक, हे आधार जुळलेल्या पटावर ठरतं. आधार नाही म्हणून मुलाला शाळेचा हक्क नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलं. मुलाला कुणी नाकारत नाही. फक्त त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाची मोजणी करताना ते मूल धरलं जात नाही.

मुख्याध्यापक यात दोन्हीकडून सापडतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. गेलेल्याचं नाव ठेवलं तर पट फुगवल्याचा ठपका. कमी केलं तर ते परत येईल तेव्हा त्याच्या वाटचं पुस्तक, अनुदान आणि शिक्षक गेलेला असतो. मे २०२० मध्ये टाळेबंदीत भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तेव्हा हा प्रश्न एका रात्रीत शहरभर झाला. एरवी तो होळीला, ईदला आणि लग्नसराईत थोडाथोडा होत राहतो.

पैसा हाती येण्याची वाटही अशीच. २०२१ मध्ये निधी राज्याच्या एकाच नोडल खात्यात ठेवायची पद्धत आली. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात शिल्लक शून्य, फक्त खर्चाची मर्यादा दिसते. ती उशिरा उघडली तर ३१ मार्चच्या आत दरपत्रकं, बिलं, दोन सह्या, सगळं उरकायचं. नाहीतर मर्यादा संपते. आणि काही पैसा येणंच थांबलं. अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२ मध्ये बंद झाली; शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षण मोफतच आहे, असं कारण दिलं गेलं. वर्षाचे हजार रुपये म्हणजे फार नव्हेत, पण त्या अर्जासाठी तरी आई-बाप कागद घेऊन शाळेत येत, आधारमधली चूक दुरुस्त करत. मॅडमना रकमेपेक्षा त्या फेऱ्यांची उणीव जास्त भासते.

फिरतं मूल या राज्यानं पाहिलेलं नाही, असं नाही. याच तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर दर हंगामात येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेनं १९९० च्या दशकात भोंगा शाळा चालवल्या. पुढे सरकारनं गावातच मूल ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं काढली आणि मुलाबरोबर फिरणारं शिक्षण हमी पत्रक आणलं. पण ते जिल्ह्याजिल्ह्यांत चालतं. लूमवाल्याचं पोर राज्याची हद्द ओलांडतं, आणि तिथे पत्रकाची सोय संपते.

मदत वाटण्याची दुसरी रीतही आहे. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यातला ‘टायटल वन’ निधी जिल्ह्यांना वाटताना मुख्यतः तिथे राहणारी गरीब मुलं मोजतात, जनगणना खात्याच्या अंदाजावरून. त्यातही चुका होतात. पण गरिबी वस्तीत मोजली जाते, एका तारखेच्या हजेरीपटावर नाही. आपल्याकडे मदत पटाला बांधलेली आहे. म्हणून ती गरिबांतल्या स्थिर मुलांपर्यंत बऱ्यापैकी पोचते, आणि ज्याला पाय टेकायलाही जागा नाही, त्याच्यापाशी आटते.

दुरुस्ती फार मोठी नाही. ३० सप्टेंबरबरोबर जानेवारीअखेर दुसरी मोजणी, दोन्हींतला मोठा आकडा अनुदानाला धरायचा. ड्रॉप बॉक्समधून परतलेलं मूल जुन्या शाळेत त्याच दिवशी पुन्हा चढवण्याची मुभा. आणि हमी पत्रकाला राज्याबाहेर मान्यता. यातल्या पहिल्या दोहोंसाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. आणि परिपत्रकं काढण्यात शिक्षण खातं कधी मागे राहिलेलं नाही.