धबधबा, लाव्हा आणि कॅमेरा

आइसलंडची छायाचित्रे आता आपल्याला नवीन राहिलेली नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती असतात. २०१५ साली प्रदर्शित झालेल्या 'दिलवाले' या हिंदी चित्रपटातले एक गाणे तिथेच चित्रित झाले होते. काळीकुट्ट जमीन, तिच्यावर शेवाळाची हिरवी गादी आणि रेशमी पडद्यासारखा उतरणारा धबधबा, असे हे दृश्य असते. पण असे रेशमी पाणी आपल्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिले आहे का? काळा लाव्हा काही चित्रांत राखाडी का दिसतो? तिथल्या धबधब्यांच्या इतक्या चित्रांत इंद्रधनुष्य कसे येते? या प्रश्नांची उत्तरे शाळेतल्याच विज्ञानात आणि भूगोलात सापडतात. ती आपण क्रमाने पाहू.

आधी देश समजून घेऊ

आइसलंड हा देश अटलांटिक महासागराच्या मध्यावरून जाणाऱ्या कटकावर वसला आहे. इथे युरेशियाचे आणि उत्तर अमेरिकेचे भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर जात आहेत. या भेगेतून लाव्हा वर येतो आणि नवी जमीन तयार होते. देशाचा सुमारे दहावा भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. वितळणारे बर्फ, भरपूर पाऊस आणि लाव्ह्याचे उभे कडे एकत्र आले की धबधबे होणारच.

दक्षिण किनाऱ्याजवळचा स्कोगाफॉस धबधबा सुमारे ६० मीटर उंच आहे. ज्या कड्यावरून तो कोसळतो तो एके काळी समुद्राचा किनारा होता. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड वजनाने जमीन दबलेली होती. बर्फ गेल्यावर ती वर उचलली गेली, समुद्र काही किलोमीटर मागे हटला आणि कडा तिथेच राहिला. स्कोगाफॉसचे चित्र वर्गात दाखवताना ही गोष्ट सांगितली, तर ते केवळ सुंदर चित्र राहत नाही.

पाण्याचे रेशीम होते कसे?

समजा, पाणी ६० मीटर उंचीवरून पडत आहे. हवेचा विरोध सोडून दिला तर तळाशी त्याचा वेग v² = 2gh या सूत्रावरून काढता येतो. २ × ९.८ × ६० म्हणजे ११७६, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३४. म्हणजे वेग सेकंदाला ३४ मीटर झाला. प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे तो बराच कमी असतो, पण अंदाजासाठी एवढे पुरे.

आता कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतेच उघडले, तर तेवढ्यात पाणी सुमारे साडेतीन सेंटिमीटर सरकेल. साठ मीटरच्या चित्रात हे अंतर नगण्य आहे, म्हणून थेंब जागच्या जागी गोठल्यासारखे दिसतात. शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले तर तेच पाणी सुमारे १७ मीटर खाली येईल. चित्रात प्रत्येक थेंबाची लांब पांढरी रेघ उमटेल आणि अशा असंख्य रेघा मिळून रेशमी पडदा तयार होईल.

पण भर दिवसा शटर इतका वेळ उघडे ठेवले तर चित्र पांढरेफटक होईल. एखाद्या दृश्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरत असेल आणि आपल्याला शटर दोन सेकंद उघडे ठेवायचे असेल, तर येणारा प्रकाश हजारपटीने कमी करावा लागेल. भिंगाचे छिद्र एफ ४ वरून एफ १६ केले की प्रकाश सोळापट कमी होतो. भिंगापुढे प्रकाशाचा चौसष्टावा भागच आत सोडणारी राखाडी काच लावली की सोळा गुणिले चौसष्ट, म्हणजे १०२४ पट काम झाले. दोन सेकंद हातात कॅमेरा स्थिर राहत नाही, म्हणून तिपाई हवीच.

यांतले खरे चित्र कोणते? आम्हाला वाटते, दोन्ही खरी आहेत. पाण्याचे थेंब कसे फुटतात हे पाहायचे असेल तर पहिले चित्र उपयोगी. प्रवाह कुठे दुभंगतो आणि कुठल्या खडकाला वळसा घालतो हे पाहायचे असेल तर दुसरे. मात्र चित्राखाली शटरचा वेळ लिहिलेला असावा, म्हणजे पाहणाऱ्याला आपण काय पाहत आहोत ते कळेल.

काळ्याचे राखाडी, पांढऱ्याचेही राखाडी

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक एक गोष्ट गृहीत धरून चालतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा सुमारे १८ टक्के भाग परत पाठवणारे आहे, असे तो मानतो. आपल्या रोजच्या दृश्यांना हे ठीक लागू पडते. पण चौकटभर काळा लाव्हा असेल तर मापकाला वाटते, अंधार आहे, प्रकाश वाढवायला हवा. मग लाव्हा राखाडी होतो. चौकटभर हिमनदी असेल तर तो उलट प्रकाश कमी करतो, आणि बर्फही राखाडी होते. म्हणून लाव्ह्यासाठी प्रकाश मुद्दाम कमी करावा लागतो आणि बर्फासाठी वाढवावा लागतो. काळ्या कड्यावरचा पांढरा धबधबा ही यातली सर्वांत अवघड परीक्षा, कारण दोन्ही टोके एकाच चौकटीत येतात. अशा वेळी पाण्याच्या पांढऱ्या भागातला तपशील आधी जपावा. पूर्ण पांढऱ्या झालेल्या जागेतून नंतर काहीच परत मिळत नाही.

हा प्रयोग वर्गात करता येतो. एक काळे कापड आणि एक पांढरे कापड घ्या. सारख्याच उजेडात प्रत्येकाचे चौकट भरून छायाचित्र काढा आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. कापडांत जेवढा फरक आहे तेवढा चित्रांत दिसत नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल.

तिरका सूर्य

आइसलंड साधारण ६३.५ ते ६६.५ उत्तर अक्षांशांत आहे. ६४ अंशांवर २१ जूनच्या मध्यान्ही सूर्याची उंची ९० − ६४ + २३.४, म्हणजे सुमारे ४९ अंश असते. २१ डिसेंबरला ती अवघी अडीच अंश भरते. प्राथमिक इंद्रधनुष्याचा कोन ४२ अंशांचा असतो. सूर्य त्याहून उंच असेल, तर सपाट जमिनीवर उभ्या माणसाला समोरच्या आकाशात धनुष्य दिसत नाही. आइसलंडमध्ये मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे मध्यान्हीचे काही तास सोडले, तर सूर्य नेहमीच ४२ अंशांच्या खाली असतो. मुंबईत मात्र डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य ४७ अंशांवर जातो. स्कोगाफॉसचे तोंड दक्षिणेला आहे. त्याच्यासमोर उत्तरेकडे पाहत उभे राहिले की दुपारचा सूर्य पाठीमागे आणि तुषार समोर, अशी रचना आपोआप जमते.

मावळतीचा वेळही तिथे लांबतो. २१ मार्चच्या सुमारास मुंबईत सूर्य क्षितिजाशी सुमारे ७१ अंशांचा कोन करून उतरतो, तर तिथे २६ अंशांचा. त्यामुळे शेवटचे सहा अंश उतरायला मुंबईत सुमारे २५ मिनिटे लागतात, तिथे ५५ मिनिटे. हा तिरका प्रकाश लाव्ह्यासाठी फार मोलाचा. सूर्य १० अंशांवर असताना एक मीटर उंचीच्या दगडाची सावली साडेपाच मीटरहून लांब पडते. काळ्यावर काळा असा खडबडीतपणा अशा सावल्यांमुळेच चित्रात उठून दिसतो.

पाहोएहोए प्रकारच्या लाव्ह्याच्या पृष्ठभागावर दोरखंडासारख्या वळ्या असतात. आआ प्रकारचा लाव्हा म्हणजे धारदार ढेकळांचा ढीग. महाराष्ट्राचा काळा दगडही असाच लाव्हा थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बनला. आइसलंडमधल्या स्वार्तिफॉस धबधब्याभोवती जे षट्‌कोनी खांब दिसतात, तसेच उभे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीत आहेत. लाव्हा निवताना आकसतो, तडे जातात, आणि ते आत आत वाढत गेले की खांब तयार होतात. अशा चित्रात हातोडी, पट्टी किंवा एखादा माणूस जरूर असावा. नाहीतर वळी बोटाएवढी आहे की मांडीएवढी, हे कळायला मार्ग नसतो.

चित्रासाठी किती किंमत?

१७८३-८४ मध्ये लाकीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याने सुमारे ६०० चौरस किलोमीटर जमीन झाकली. त्यानंतरच्या दुष्काळात देशातली सुमारे एक-पंचमांश माणसे मेली. आज त्या लाव्ह्यावर जाड, मऊ शेवाळ आहे. दोनशे चाळीस वर्षांत तिथे मुख्यतः तेवढेच उगवू शकले. त्यावर पाय दिला तर ती खूण वर्षानुवर्षे राहते. २०१५ साली एका गायकाच्या चित्रफितीत फ्याद्रार्ग्ल्युफुर ही घळ जगाने पाहिली आणि तिथे माणसांची रीघ लागली. पायवाटेच्या कडेची झाडोरा-माती तुडवली जाऊ लागल्याने २०१९ मध्ये ती काही काळ बंद ठेवावी लागली. रस्ता सोडून वाहन चालवणे तिथे कायद्याने गुन्हा आहे, तो याचसाठी. रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर अचानक आत घुसणाऱ्या लाटांनी पर्यटकांचे बळीही घेतले आहेत. चित्र काढणाऱ्याचे डोळे कॅमेऱ्यात असतात. समुद्राकडे पाठ करू नये, हा नियम तिथे सर्वांत आधी शिकायचा.

तीच जागा, पुन्हा

छायाचित्राचा आणखी एक उपयोग आहे, आणि शाळांच्या दृष्टीने तो आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. ओलाफुर एलियासन या कलावंताने १९९९ साली आइसलंडच्या हिमनद्यांची हवाई छायाचित्रे घेतली आणि २०१९ साली त्याच हिमनद्यांची पुन्हा घेतली. वीस वर्षांत किती बर्फ गेले हे जोड्या पाहताच कळते. ओक नावाची हिमनदी तर २०१४ मध्ये मृत ठरवली गेली आणि २०१९ मध्ये तिच्या जागी स्मृतिफलक लावला गेला. सोलहेमायोकुल हिमनदी किती मागे हटली, हे २०१० पासून जवळच्या एका शाळेतली मुले दरवर्षी शिक्षकांबरोबर जाऊन मोजत आली आहेत.

आपल्या गावात हिमनदी नसली तरी नदीचा काठ असतो, खाण असते, पावसाळी धबधबा असतो किंवा टेकडीचा उतार असतो. एक जागा निवडा. उभे राहायचे ठिकाण पक्क्या खुणेने ठरवा. कॅमेरा, त्याची उंची आणि दिशा तीच ठेवा, महिना आणि वेळही तीच. चित्रामागे तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचे नाव लिहा, आणि ही वही पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्या. पहिल्या वर्षी एक साधे चित्र मिळेल. दहाव्या वर्षी मुलांच्या हाती पुरावा असेल.