मनगट धरणारा जोडीदार

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा कामगार संघटनेचा माणूस जपानी आयकिदोवर काय बोलणार, ही आपली शंका रास्त आहे. गेली तीन वर्षे आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही चटईवर आपटत आहोत, एवढाच आमचा अधिकार.

आयकिदो घडविला मोरिहेइ उएशिबा (१८८३–१९६९) यांनी. १९१५ साली होक्काइदो बेटावर त्यांना ताकेदा सोकाकू हे कडक गुरू भेटले. त्यांच्याकडून जुजुत्सूची दाइतो-र्यू परंपरा घेऊन उएशिबांनी पुढे आपली निराळी विद्या उभी केली. मौज अशी की, त्यांचे शिष्यही एकासारखे एक निघाले नाहीत. गोझो शिओदा अंगाने लहानखुरे. त्यांच्या शाळेत पाऊल कोठे पडावे याची काटेकोर कवाईत. केंजी तोमिकी मूळचे जूदोचे. त्यांनी सामने आणले, ते पुष्कळांना रुचले नाही. कोइची तोहेइ यांचा भर ‘की’ म्हणजे प्राणशक्तीवर; १९७४ साली ते मूळ संस्थेतून बाहेर पडले. आमचे मन मात्र मोरिहिरो साइतो यांच्यावर बसले. हे रेल्वेचे कामगार. १९४६ साली, अठराव्या वर्षी, ते इवामा गावी उएशिबांकडे आले. एक दिवस-रात्र रेल्वेची पाळी, मग मोकळा वेळ. आणि तो गुरूच्या शेतात व आखाड्यात जायचा. गुरूच्या मृत्यूपर्यंत ते तेथेच शिकत राहिले. पाळीच्या नोकरीत माणसाला दुसरे काही करताच येत नाही, असे आम्ही कित्येक सभांत सांगितले आहे. ते थोडे दुरुस्त करावे लागेल.

आता तालमीकडे वळू. एकाने मनगट धरावयाचे किंवा वार करावयाचा, त्याला ‘उके’ म्हणतात. दुसऱ्याने त्याला पाडावयाचे. चार वेळा झाले की पाळी बदलते. बहुतेक शाळांत सामने नाहीत. मग आपला डाव लागतो की नाही, हे सांगणार कोण? फक्त जोडीदार!

आमचे पहिले शिक्षक म्हणत, आत शिरा. दुसरे आले, ते म्हणत, वळा. आम्ही गोंधळलो. पुढे उमगले की, जोडीदार ओढत असेल तर शिरावयाचे, ढकलत असेल तर वळावयाचे. प्रश्न त्याच्या हाताला विचारावयाचा, शिक्षकाला नव्हे. उंच माणसाचा कोपर दूर असतो, त्याच्या अगदी जवळ जावे लागते. दणकट माणसाशी समोरासमोर जोर लावला तर आपणच अडकतो. एकाच जोडीदाराबरोबर वर्ष काढले, तर आपण डाव शिकत नाही, तो माणूस पाठ करतो.

आमचे तसेच झाले. आमचा जोडीदार आमच्याच कचेरीतला तरुण कारकून. आम्ही हात हलविला की तो भुईसपाट. आमच्या समितीचे ठरावही असेच एकमताने मंजूर होतात. एके दिवशी दुसऱ्या वर्गातल्या एक परिचारिका आल्या, अंगाने किरकोळ. त्यांनी मनगट धरले आणि आमचा हात जागचा हलेना.

“काका, खांद्याने ओढताय तुम्ही. खांदा सोडा, कंबर वळवा.”

त्या अडवीत नव्हत्या. डाव आधीच ठाऊक असल्यामुळे मुद्दाम अडविणारेही असतात, त्यांच्यापासून काही शिकता येत नाही. या बाईंनी नुसते खरेखुरे धरले होते.

परतताना आम्ही कारकुनाला विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला.

“दादा, तुम्हाला कसं धरून ठेवायचं?”

पुढच्या संध्याकाळी आम्ही त्याला नीट धरावयास सांगितले. पाऊण तास गेला. तो एकदाही पडला नाही, आणि घाम पुसताना पहिल्यांदाच आमच्याकडे बघून हसला.