‘गाणी भरून मिळतील’ : पायरसीची कारवाई नेमकी कोणाच्या काउंटरवर येते?

होमस्टेवरचा मागचा व्हिडिओ टाकल्यावर नागावच्या एका ताईंची कमेंट आली. "दादा, वाडीत प्रोजेक्टर लावलाय. शनिवारी रात्री पाहुण्यांना पिक्चर दाखवते. मुलगा टेलिग्रामवरून डाउनलोड करून देतो. वेगळे पैसे घेत नाही. चालेल ना?" मी खाली "नाही चालणार" एवढंच लिहिलं, तर पंधरा-वीस जणांनी मलाच झापलं. सगळेच बघतात, पोलिसांना दुसरी कामं नाहीत का, वगैरे. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक जुना गैरसमज काढून टाकू. ऑगस्ट २०१६ आठवतोय? ब्लॉक केलेली साइट उघडली की स्क्रीनवर नोटीस यायची: इथलं बघणं, डाउनलोड करणं गुन्हा आहे, ३ वर्षं कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. व्हॉट्सअॅपवर दोन दिवस तेच फिरत होतं. लोक घाबरून मोबाइलमधले पिक्चर डिलीट करत होते. मग मुंबई हायकोर्टात ‘ढिशूम’ पिक्चरच्या केसमध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, लोकांना जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं, हा गुन्हा आहे.

गंमत अशी की लोकांनी यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं. डाउनलोड करणं म्हणजे कॉपी बनवणं, त्यामुळे ते बघण्याइतकं मोकळं नाहीच. पण आपण धंदेवाले आहोत, आपल्यासाठी दुसरं वाक्यच महत्त्वाचं. वाटणं, दाखवणं, विकणं, भाड्याने देणं ही चारही कामं घरात बसून सिनेमा बघणाऱ्याची नाहीत, दुकानदाराची आहेत.

माझं दुकान आणि आठ हजार रुपये

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बीबीए झाल्यावर २०१२ ला रेवदंड्यात मोबाइलचं छोटं दुकान टाकलं. रिचार्ज, कव्हर, चार्जर, आणि बाहेर बोर्ड: ‘गाणी व पिक्चर भरून मिळतील’. ४ जीबीचं कार्ड भरायचे ४० रुपये. होळीला आणि गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की रांग लागायची. बोटीवर जाणारे खलाशी तर आठ-दहा दिवसांचा स्टॉक घेऊन जायचे, समुद्रात रेंज नसते म्हणून. दिवसाला सरासरी दहा कार्डं, म्हणजे महिन्याला बारा हजार. माल विकत घ्यायचा नाही, त्यामुळे सगळाच नफा. रिचार्जवर दोन-तीन टक्के मिळायचे, तिथे हे बारा हजार म्हणजे दुकानाचं भाडं आणि लाइट बिल सुटून वर उरायचे. हे चुकीचं आहे असं तेव्हा मनातसुद्धा आलं नव्हतं. ‘डाउनलोडिंग’ हा एक धंदाच होता, सगळीकडे बोर्ड होते.

एके दिवशी दोन माणसं आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. म्हणाले, आम्ही म्युझिक कंपनीच्या वतीने आलोय. कॉम्प्युटरचा फोटो काढला, हार्ड डिस्क उचलायला लागले. मग हळू आवाजात, "केस करायची की इथेच मिटवायचं?" पंधरा हजार मागितले. आठवर मिटलं. पावती नाही, कागद नाही. ते खरंच कोणाचे होते हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या दिवशी मला दोन गोष्टी माहीत असत्या तर आठ हजार वाचले असते. एक, कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६४ प्रमाणे वॉरंटशिवाय माल जप्त करायचा अधिकार पोलिसांना आहे, आणि तोही सब-इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला. कंपनीचा माणूस तक्रार करू शकतो, पोलिसांबरोबर येऊ शकतो, पण त्याने स्वतः तुमच्या हार्ड डिस्कला हात लावायचा नाही. दोन, जप्ती झाली की माल मॅजिस्ट्रेटसमोर न्यावा लागतो, आणि जप्त मालात ज्याचा हक्क आहे त्याला १५ दिवसांत परत मागणीचा अर्ज करता येतो. म्हणजे सगळं कागदावर. जिथे कागद नाही, तिथे कारवाई नाही, वसुली आहे.

पण खरं सांगायचं तर मी त्यांना पैसे दिले कारण मी चुकीचा होतो आणि मला ते आतून माहीत होतं. चुकीचं काम करणाऱ्या माणसाला "तुमचा अधिकार काय?" असं विचारता येत नाही. त्या बारा हजारांची खरी किंमत ही होती.

कायद्यात नेमकं काय आहे

कलम ६३ ची शिक्षा बघा. कमीत कमी ६ महिने कैद, जास्तीत जास्त ३ वर्षं. दंड कमीत कमी ५० हजार, जास्तीत जास्त २ लाख. हे ‘कमीत कमी’ नीट वाचा. काम धंद्यासाठी किंवा कमाईसाठी केलेलं नसेल, तर कोर्ट कारणं लिहून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. म्हणजे मित्राला पेन ड्राइव्ह देणाऱ्याला सुटायला फट आहे, काउंटरवर ४० रुपये घेणाऱ्याला ती नाही. दुसऱ्यांदा सापडलात तर किमान १ वर्ष आणि १ लाख.

२० मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने आणखी एक वाद मिटवला. कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असा निकाल दिला. साध्या भाषेत, पोलीस कोर्टाच्या आधी परवानगी न घेता गुन्हा नोंदवून अटक करू शकतात, आणि जामीन पोलीस ठाण्यात हक्काने मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी हे झालं तर शनिवार-रविवार कसा जाईल याचा विचार करा. आपल्याकडे सगळा धंदाच शनिवार-रविवारचा.

आणि महाराष्ट्रात याच्या वर एक गोष्ट आहे. एमपीडीए हा शब्द पेपरात वाचला असेल, अट्टल गुंडांना स्थानबद्ध करतात तो १९८१ चा कायदा. मूळ नावात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार. २००९ मध्ये त्या यादीत ‘दृक्श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’ आल्या, म्हणजे व्हिडिओ पायरेट्स. यात खटला चालण्याआधीच जास्तीत जास्त १ वर्ष आत ठेवता येतं, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. मेमरी कार्ड भरणाऱ्या पोरावर उद्या एमपीडीए लागेल असं मी म्हणत नाही, तो वारंवार तेच करणाऱ्यांसाठी आहे. पण सरकार या कामाला कोणाच्या रांगेत बसवतं ते कळावं म्हणून सांगितलं. हातभट्टीवाल्याच्या शेजारी.

आता ताईंच्या प्रोजेक्टरला थेट लागू होणारा बदल. ऑगस्ट २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. थिएटरमध्ये मोबाइलने पिक्चर रेकॉर्ड करणं हा गुन्हा झाला हे सगळ्यांनी ऐकलं. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे: चोरीची कॉपी नफ्यासाठी लोकांना दाखवणं. शिक्षा ३ महिने ते ३ वर्षं, आणि दंड किमान ३ लाख. वरची मर्यादा पिक्चरच्या ऑडिट झालेल्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. शंभर कोटींचा पिक्चर असेल तर ५ टक्के म्हणजे ५ कोटी. कोर्ट होमस्टेवाल्याला एवढा दंड करेल असं नाही, पण खालचा ३ लाखांचा आकडा कुठे गेला?

"वेगळे पैसे घेत नाही" याने फार फरक पडेल असं समजू नका. खोलीचं भाडं तर घेता ना? आणि इन्स्टाग्रामवर ‘मूव्ही नाइट अंडर द स्टार्स’ असं टाकलं असेल, तर नफ्यासाठी दाखवल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच लिहून ठेवलाय.

मोठे मासे आणि आपण

"साइटवाल्यांना पकडा ना आधी," असं एकाने लिहिलं होतं. त्यांच्यावरही कारवाई चालते. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला आणि काही दिवसांतच चोरीच्या कॉप्या मोबाइलवर फिरू लागल्या, पोलिसांत तक्रारी झाल्या. ‘उडता पंजाब’ तर त्याच वर्षी रिलीजच्या आधीच नेटवर आला, मुंबई पोलिसांनी दिल्लीहून एकाला पकडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने १२ नोडल अधिकारी नेमले. निर्मात्याने तक्रार केली की ४८ तासांत लिंक काढायला लावायची, अशी ती व्यवस्था.

आणि ‘छावा’. १४ फेब्रुवारी २०२५ ला रिलीज. महिन्याभरात मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला, त्यात १,८१८ इंटरनेट लिंकची यादी होती. अटक कोणाला झाली? पुणे जिल्ह्यातल्या दौंडकडच्या एका तरुणाला. पिक्चर बघता येईल असं ॲप बनवल्याचा त्याच्यावर आरोप आहे. आरोप सिद्ध व्हायचा तो कोर्टात होईल. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेलं. ॲप बनवणं, जागा विकत घेणं, लोक जमवणं, हे सगळं मी माझ्या बॅचमध्ये शिकवतो. कौशल्य तेच, माल दुसऱ्याचा.

१,८१८ लिंक टाकणारे कुठल्या देशात बसलेत ते शोधायला महिने लागतात. साइट बंद केली की एक अक्षर बदलून दुसरी उघडते. दुकानाला तसं करता येत नाही. दुकानाला शटर असतं, बोर्ड असतो, जीएसटी नंबर असतो, गुगल मॅपवर पिन असते. पोलिसांवर कारवाई दाखवायचा दबाव आला की सगळ्यात आधी पत्ता असलेला माणूस सापडतो. हे योग्य आहे का, हा वेगळा वाद. मला ते पूर्ण योग्य वाटत नाही. पण धंदा करताना वाद जिंकून उपयोग नसतो.

जप्तीत कॉम्प्युटर गेला तर त्याच्यात फक्त पिक्चर नसतात हेही लक्षात घ्या. उधारीची वही, ग्राहकांचे नंबर, बिलं, सगळं त्याच डब्यात. माझ्या ओळखीच्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा पीसी असाच गेला होता. त्यात तीन लग्नांचं शूटिंग होतं. दंडाचं पुढे काय झालं ते सोडा, त्या तीन कुटुंबांना तोंड दाखवणं त्याला जास्त जड गेलं.

मग करायचं काय

होमस्टेवाल्यांनो, खोलीत टीव्ही ठेवा आणि पाहुण्याला त्याच्या स्वतःच्या ओटीटी अकाउंटने लॉग-इन करू द्या. तुमचं घरचं नेटफ्लिक्स प्रोजेक्टरवर लावणं हासुद्धा उपाय नाही, ते सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापराचं असतं. एका पेन ड्राइव्हवरून सगळ्या खोल्यांत पिक्चर सोडायची आयडियाही नको. हॉटेलच्या खोल्यांमध्ये एकाच वेळी दाखवणं म्हणजे ‘लोकांना दाखवणं’च, असं कायद्याच्या व्याख्येत हॉटेलचा उल्लेख करून लिहिलेलं आहे.

वाडी लग्नाला किंवा पार्टीला भाड्याने देत असाल तर कलम ५१ वाचा. चोरीचा पिक्चर किंवा गाणी लोकांना दाखवायला-ऐकवायला जागा नफ्यासाठी दिली, तर जागेचा मालकही अडकतो. माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं, हे दाखवता आलं तरच सुटका. म्हणून बुकिंगच्या कागदावर एक ओळ टाका की संगीत आणि चित्रपटाच्या परवानग्या आयोजकाच्या. लग्नाचे विधी, वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. थर्टी फर्स्टच्या डीजेला ती सूट नाही.

कॅफेत गाणी लावायची तर पीपीएल आणि आयपीआरएस यांच्या परवान्यांची चौकशी करा. पहिली संस्था रेकॉर्डिंगचे हक्क बघते, दुसरी गीतकार-संगीतकारांचे. खर्च जड वाटला तर गाणी लावू नका. किहीमला कॅफेत बसणाऱ्याला समुद्राचा आवाज पुरतो, हे मी मनापासून सांगतोय. रील आणि जाहिरातीसाठी यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी फुकट आहे.

आणि माझ्या त्या बारा हजारांचं पुढे काय झालं? ती माणसं येऊन गेल्यावरही मी बोर्ड काढला नव्हता. नुसता आत घेतला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला आणि तीन महिन्यांत कार्ड भरायला येणारं कोणी उरलं नाही. पोलिसांनी नाही, स्वस्त डेटाने तो धंदा बंद केला. ज्या चार वर्षांत मी मोबाइल रिपेअरिंग शिकायला हवं होतं, ती मी गाणी कॉपी करण्यात घालवली. रिपेअरिंगचा कोर्स २०१७ ला केला. आज दुकानाचं निम्मं उत्पन्न त्यातून येतं.

नागावच्या ताईंना मी फोनवर हे सगळं सांगितलं. प्रोजेक्टरचे अठरा हजार वाया गेले असं त्या म्हणत होत्या. मी म्हटलं, वाया कशाला? शनिवारी पाहुण्यांना आयपीएल-बियपीएल नको दाखवू, त्याचेही हक्क असतात. त्यांच्याच दिवसभराचे फोटो लाव, बीचवरचे, पोरांचे, रात्री जेवताना. पुढच्या शनिवारी करून बघते म्हणाल्या.