एकास चोवीस

दिवाळीच्या दिवसांत बेळगाव, निपाणी, संकेश्वर यांपैकी कोणत्याही गावच्या गल्लीतून हिंडावे. घरोघरच्या अंगणात मुलांनी रचलेले दगडमातीचे किल्ले दिसतात. बुरूज असतात, तट असतो, उतारावर पेरलेले अळीव उगवलेले असते आणि दरवाजाशी पहाऱ्याला एक मावळा उभा असतो. हा मावळा पुष्कळदा दरवाजाहून उंच असतो. पायथ्याशी चरणारी गाय तर कधीकधी बुरुजाशी बरोबरी करते. त्याचे कोणाला काही वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही; तो किल्ला खेळासाठी आणि सणासाठी असतो. परंतु एखाद्या मुलाने मनात आणले की, या दरवाजातून हा मावळा आत गेला पाहिजे, तर त्याच क्षणी त्याला मोजपट्टी हाती घ्यावी लागते आणि खेळण्याची प्रतिकृती होऊ लागते. मोटारींच्या छोट्या प्रतिकृती करण्याचा जो छंद आहे, त्याचे सारे मर्म या एका इच्छेत आहे.

प्रतिकृतीची पहिली अट प्रमाणाची. एकास चोवीस हे प्रमाण घेतले म्हणजे मूळ गाडीवरील चोवीस सेंटीमीटरांचा प्रतिकृतीवर एक सेंटीमीटर होतो, आणि एकदा ठरलेले हे प्रमाण चाकापासून छपरापर्यंत पाळावयाचे असते. उदाहरणादाखल आपण ॲम्बॅसडर मोटार घेऊ. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, तरी तिची आकृती सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. तिची लांबी सुमारे ४ मीटर ३२ सेंटीमीटर आणि रुंदी १ मीटर ६६ सेंटीमीटर. चोवीसने भागले म्हणजे लांबी १८ सेंटीमीटर येते आणि रुंदी सात सेंटीमीटरांच्या किंचित आत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर २ मीटर ४६ सेंटीमीटर. ते प्रतिकृतीत सव्वादहा सेंटीमीटर होते. ही मापे बरोबर उतरली की अर्धे काम झाले. ती चुकली, तर पुढे रंग कितीही सुबक दिला तरी पाहणारा म्हणतो, 'छान आहे, पण ही कोणती गाडी?' सामान्य माणसाला आकडे सांगता येत नाहीत. प्रमाण बिघडलेले मात्र त्याला तात्काळ कळते.

ही प्रमाणे ठरली कशी, हेही मनोरंजक आहे. एकास चोवीस म्हणजे फुटाला अर्धा इंच. फूट-इंचांच्या पट्टीवर ते सहज मोजता येते. एकास त्रेचाळीस हे चमत्कारिक दिसणारे प्रमाण खेळातील आगगाड्यांकडून आले. त्या गाड्यांसाठी इंग्लंडात फुटाला सात मिलिमीटर असे माप धरीत, आणि त्यांच्या स्थानकाबाहेर उभ्या करावयाच्या मोटारी त्याच मापाच्या करणे भाग होते. १९५३ साली इंग्लंडातील लेस्नी या कंपनीने काडेपेटीएवढ्या डबीत मावतील अशा मोटारी विकावयास काढल्या. तेथे डबीचा आकार ठरलेला होता. त्यामुळे बस आणि मोटारसायकल या दोघींनाही त्याच डबीत बसावे लागले आणि प्रत्येकीचे प्रमाण निराळे झाले. अशा गाड्या शेजारी शेजारी मांडल्या की आपल्या किल्ल्यावरील मावळ्याची आणि गाईची आठवण येते.

मोजून मापून लहान वस्तू करण्याची ही विद्या बेळगावला परकी नाही. उद्यमबागेत ओतकामाचे कितीतरी कारखाने आहेत. बिडाचा कोणताही भाग ओतावयाचा तर आधी त्याचा नमुना लागतो. कारखान्यात त्याला पॅटर्न म्हणतात. हा पॅटर्न वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात वितळलेला रस ओततात. आता श्रोत्यांना वाटेल की, पॅटर्न हा हव्या असलेल्या भागाच्या अगदी बरोबरीचा असणार. तसे नसते. रस थिजून थंड होताना आकसतो. बीड शंभरात सुमारे एक भाग आकसते, ॲल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्न करणाऱ्याजवळ एक खास मोजपट्टी असते, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून किंचित लांब असतो. शिवाय पॅटर्न वाळूतून उचलताना साच्याची कड ढासळू नये, म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना थोडा उतार ठेवावा लागतो. म्हणजे खरी वस्तू बरोबर यावी, यासाठी नमुन्यात जाणूनबुजून फरक करावा लागतो. किती करावयाचा आणि कोठे करावयाचा, हे ज्याला समजले तो कारागीर.

बेळगावच्या औद्योगिक इतिहासाचा प्रारंभही आरेखनाच्या फळ्यावरून झालेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकण्यास गेले. परंतु रंगांतील सूक्ष्म भेद आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत असे आढळून आल्यावर त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकविला. बेळगावात त्यांनी बंधूंसह सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड येथे कारखाना हलविला. ते ठिकाण पुढे किर्लोस्करवाडी झाले. कागदावरील रेघ आणि हातातील लोखंड यांच्यामध्ये नमुन्याची एक पायरी असते. प्रतिकृती करणारा मुलगा त्याच पायरीवर उभा असतो.

पॅटर्नप्रमाणेच छोट्या मोटारीतही प्रमाणाचा नियम काही ठिकाणी मोडावा लागतो. मोटारीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला चोवीसने भागले तर वहीच्या पानाच्या निम्म्याहून कमी जाडी येईल, आणि एवढ्या पातळ वस्तूची गाडी उभी राहणार नाही. तेव्हा जाड पुठ्ठाच वापरावयाचा, पण खिडकीच्या आणि चाकावरील कमानीच्या कडा आतल्या बाजूने तासून बारीक करावयाच्या. पाहणाऱ्याला कड तेवढी दिसते, आणि सारा पत्रा तितकाच पातळ असेल असे तो मानून चालतो. रंगाचेही तसेच. ब्रशाने दिलेला रंगाचा थर मिलिमीटराच्या विसाव्या भागाइतका जाड धरला, तरी मूळ गाडीच्या हिशेबाने तो सुमारे सव्वा मिलिमीटर होतो. एवढा रंग खऱ्या मोटारीवर कोणी थापला, तर दाराची फट बुजून जाईल. प्रतिकृतीवर नेमके तेच होते. म्हणून रंग पातळ करून द्यावा, एक थर पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा, आणि घाई मुळीच करू नये.

वजनाची गोष्ट तर याहून विलक्षण. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही चोवीसपटीने घटली म्हणजे वजन चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ पटींनी घटावयास हवे. अकराशे किलोंची मोटार या हिशेबाने केवळ ऐंशी ग्रॅमची होते. बाजारात मिळणारी जस्ताच्या मिश्रधातूची गाडी त्याहून पुष्कळ जड असते. हाताला ते जडपण भरवशाचे वाटते, पण प्रमाणाच्या दृष्टीने पुठ्ठ्याचीच गाडी खरी ठरते!

मग बारीकसारीक तपशील कोठवर दाखवावा? त्यासही एक सोपी कसोटी आहे. एकास चोवीसची प्रतिकृती एक फुटावरून पाहणे म्हणजे खरी गाडी चोवीस फुटांवरून पाहणे होय. रस्त्यावर चोवीस फूट दूर उभे राहावे आणि काय दिसते ते टिपून घ्यावे. दाराची रेघ दिसते, मूठ दिसते, नंबराची पाटी वाचता येते. स्क्रूच्या डोक्यातील खाच दिसत नाही. जे तेथून दिसते ते करावे. जे दिसत नाही ते सोडून द्यावे.

या छंदाला मोठे भांडवल लागत नाही. जाड पुठ्ठा किंवा दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात ती फोमची शीट, धारदार पाते, पोलादी पट्टी, काटकोन्या, बारीक कानस, पॉलिशपेपर आणि चिकटद्रव्य एवढ्यावर आरंभ होतो. आसाला सायकलच्या चाकाची तार, आडव्या नळ्यांना संपलेल्या बॉलपेनची कांडी, काचेला पारदर्शक प्लास्टिक. आधी समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रे खऱ्या मापाला भागून कागदावर काढावी. ती पुठ्ठ्यावर डकवून कापावी. आणि डकविण्यापूर्वी सर्व भाग नुसते जुळवून पाहावे. पुष्कळांचे काम बिघडते ते ही शेवटची पायरी गाळल्यामुळे.

दुसरा मार्ग तयार गाडी घेऊन ती बदलण्याचा. धातूच्या छोट्या गाडीचा तळ बहुधा रिव्हेटने बसविलेला असतो. ते रिव्हेट ड्रिलने अलगद खरवडले की सांगाडा, आतील बैठक आणि चाके सुटी होतात. जुना रंग काढून सांगाडा साबणाने धुवावा, वाळवावा आणि त्यावर प्रथम प्रायमर द्यावा. प्रायमरवाचून धातूवर रंग टिकत नाही. रंग आणि थिनर यांचे काम उघड्या हवेत करावे आणि लहान मुलांनी ते मोठ्यांच्या देखत करावे. मग चाके बदलता येतात, टपावर सामानाची जाळी चढविता येते, आणि परदेशी गाडीला आपल्या गावचा नंबर देता येतो. बेळगावचा असेल तर 'केए २२', निपाणीचा असेल तर 'केए २३', आणि पलीकडच्या कागलचा असेल तर 'एमएच ०९'. मोटारीच्या नंबराची लांबट पाटी अर्ध्या मीटराची असते. प्रतिकृतीत ती २१ मिलिमीटरांची होते, आणि तिच्यावर अक्षर काढताना श्वास आवरून धरावा लागतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो. प्रतिकृती कोणत्या गाडीची करावी? इटलीच्या वा जर्मनीच्या मोटारींच्या उत्तम प्रतिकृती दुकानात मिळतात, आणि त्यांची मापे जगभर नोंदलेली आहेत. आपल्या रस्त्यावरील गाड्यांचे तसे नाही. निपाणीजवळच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना स्वतः तयार केला आणि पुढे अनेक वर्षे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या केल्या. ती मोटार कारखान्यातून विक्रीस कधी निघाली नाही. अशी गाडी छायाचित्रांत उरते. पण छायाचित्रावरून तिची रुंदी आणि चाकांमधील अंतर हवेतसे काढता येत नाही.

जी गोष्ट 'मीरा'ची, तीच आपल्या नेहमीच्या बसची. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली, तेव्हा बेळगाव आणि निपाणी मुंबई प्रांतातच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९९७ पासून येथील बस वायव्य कर्नाटक महामंडळाची आहे. निपाणीच्या स्थानकावर कोल्हापूरकडची देवनागरी पाटीची गाडी आणि बेळगावची कानडी पाटीची गाडी या दोन्ही येतात. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेचा वाद चिघळला, तेव्हा महाराष्ट्राने कर्नाटकात येणाऱ्या आपल्या गाड्या काही काळ थांबविल्या. ज्या मुलाचे आजोळ नदीपलीकडे आहे, त्याच्या लेखी बस म्हणजे काय, हे अशा दिवसांत कळते.

महाराष्ट्रात एसटीच्या प्रतिकृती करणारे तरुण पुष्कळ आहेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरील रिव्हेटांच्या ओळी, मागची शिडी, खिडक्यांचे आडवे गज, हे सारे ते हौसेने करतात. अशी दहा-अकरा मीटरांची बस एकास चोवीसने सुमारे हातभर लांब भरते; तिला टेबलाचा एक कोपरा पुरतो. आता त्या ॲल्युमिनियमी बांधणीची जागा पोलादी बांधणी घेत आहे. जुनी गाडी मोडीत निघाली की तिचा पत्रा भट्टीत जातो, आणि खिडकीची उंची किती होती, पायरी जमिनीपासून किती वर होती, हे सांगणारे कोणी उरत नाही. ज्याने ती गाडी उभी असता परवानगी काढून मोजली, त्याच्या वहीत मात्र ते राहते.

यास्तव नव्याने छंद लागलेल्याने आरंभ आपल्या दारावरून जाणाऱ्या गाडीपासून करावा. तवंदीच्या घाटातून चढणारा ट्रक, उसाने लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, स्थानकावर उभी असलेली बस, यांतले काहीही चालेल. पाटीवरील अक्षर मराठी असो वा कानडी, ते जसे आहे तसे आणि तेवढ्याच काळजीने उतरावे; मोजपट्टीला भाषेचा पक्षपात ठाऊक नसतो. बेळगावात यंत्रावर कोरलेले पॅटर्न आता लाकडी पॅटर्नांची जागा घेत आहेत, आणि घरातील मुलाला सागाच्या तुकड्यावर कानस चालविताना पाहण्याचा योग दुर्मिळ होत चालला आहे. हाताला आणि डोळ्याला लागलेले वळण यंत्राच्या कामातही उपयोगी पडते. ते वळण ज्या गावात लागते, त्या गावाचे कारखाने टिकतात. रविवारच्या दोन तासांत, पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर, ते लावून घेता येण्याजोगे आहे.